वारपड

वावधान, म्हणजे वैशाखातलं वादळी वारं, एकदाचं आलं, तर व्यंकटरावांच्या पदरात काय पडणार होतं ते आधी बघू. झाडावर न चढता, झेला न धरता, राखण न करता गाडीभर आंबा. त्यातली निवडक पाटी वालूरला मुक्कामी येणाऱ्या, निजामाच्या महसुलातल्या गिरदावरसाहेबांकडं. म्हणजे पुढच्या खेपेला साहेब "ए, इधर आ" म्हणायचे ते "आइए व्यंकटराव" म्हणतील. फुटक्या-मुक्क्या कैऱ्यांचं लोणचं, साल पुरून उरेल इतकं. आणि ह्या सगळ्याहून गोड गोष्ट ही, की बांधापलीकडची बायनाबाई डोईचा पदर सावरत येईल आणि म्हणेल, "भावजी, थोडे आंबे द्या की."

खर्चाच्या बाजूला काही नव्हतं. वारा फुकटचा होता.

करंजवाडीत तेव्हा अशी रीत होती, की झाडाचा तोडलेला आंबा झाडवाल्याचा, पण वाऱ्यानं पाडलेला आंबा ज्याच्या रानात पडला त्याचा. त्याला वारपड म्हणत. बायनाबाईचा शेंदऱ्या आंबा अगदी बांधाला लागून. बुंधा तिच्या रानात, पण झाडाचा सगळा कल उगवतीकडं, व्यंकटरावांच्या रानावर. जणू झाड रोज वाकून शेजाऱ्याला विचारत होतं, कसं काय, बरं हाय ना?

"हा कल कशानं आला?" व्यंकटराव पारावर बसून विचारायचे आणि आपणच सांगायचे, "मावळतीच्या वाऱ्यानं. आपल्या शिवाराला वावधान येतं ते मावळतीकडनंच. झाड काय खोटं बोलतंय व्हय?"

झाड खोटं बोलत नव्हतं. पण ते पावसाळ्याच्या वाऱ्याबद्दल बोलत होतं. मिरगापासून चार महिने जो वारा मावळतीकडून एकसारखा ढोसत असतो, त्यानं झाडं कलतात. वैशाखातलं वावधान म्हणजे पाहुण्यासारखं. घटकाभर येतं, वाटेल त्या दारानं शिरतं आणि भांडी पाडून जातं. व्यंकटरावांनी दोन्ही वारे एकाच खात्यात टाकले होते.

बायनाबाई रांडमुंड बाई. मोठा मुंजाजी, पाठची केशर. केशरचं लग्न पालमकडच्या माणिकरावांच्या पोराशी ठरलं होतं आणि ते ठरलं ते ह्या आंब्यामुळंच. माणिकराव हा माणूस गाडीच्या चाकासारखा गोल. आदल्या साली वालूरच्या बाजारात त्यानं मुंजाजीच्या पाटीतला एक शेंदऱ्या चोखला, मग दुसरा चोखला, मग पाटीशेजारी बैठक मारली. उठताना म्हणाला, "पोरा, तुला बहीण हाय का?"

बोलणी झाली तेव्हा सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं, "हुंडा नगं, भांडी नगं. माज्या वऱ्हाडाला ह्या झाडाचा रस पायजे. पोटभर. वाटीनं न्हाई, तांब्यानं. तेवढं झालं की पोरगी माजी."

"आन् रस न्हाई झाला तर?" कुणीतरी चेष्टेनं विचारलं.

माणिकराव हसला नाही. "मंग मी उपाशी उठंन. आन् माज्यासंगं वऱ्हाड बी उठंल."

लग्न धरलं ज्येष्ठाच्या सुरुवातीला. म्हणून बायनाबाईचे डोळे झाडावर लागलेले. आंबा अजून कच्चा. झाडावर आपोआप पिकलेला पहिला आंबा, म्हणजे पाड, गळून पडल्याशिवाय तोडणीला हात घालायचा नाही. घातला तर अढीत आंबा सुकून जातो, सुरकुततो आणि रसाची आंबील होते. मुंजाजी रोज सकाळी शेंड्यापर्यंत चढायचा. अंगाला मुंग्या डसायच्या, चीक लागून दंडावर फोड उठायचे. खाली बायनाबाई मान मोडेपर्यंत वर बघत उभी.

"लागलाय का रं पाड?"

"न्हाई माय. दगड हाय अजून."

"नीट बघ. राघू कुठं बसायलाय?"

"राघू बी नुसता बघून जायलाय."

मग मायलेकरांनी कामच काढलं. बाभळीच्या दुबेळक्या, बेचक्याच्या फांद्या, तोडून आणल्या आणि लवलेल्या फांद्यांना खालून टेकू दिले. चऱ्हाटं वळली, जड फांद्या बुंध्याला आवळून बांधल्या. केशरही चऱ्हाट ओढायला यायची. हळद लागायची पोरगी, पण तळहात सोलून निघालेले. मुंजाजी चिडवायचा, "ओढ, ओढ! सासरा बांधायलाव असं समजून ओढ." ती चऱ्हाटाचं टोक त्याच्या पाठीत हाणायची.

हे सगळं व्यंकटराव बांधावरून बघत होते. टेकू बघून त्यांना शंका आली. वाऱ्यानं फांदीच मोडून आली तर? बायनाबाई म्हणेल, फांदी माझ्या झाडाची, तिच्यावरचा आंबा माझा. असली बारीक फट मोकळी सोडील तो व्यंकटराव कसला. त्यांनी पोलीस पाटील आबासाहेबांना गाठलं आणि पारावर चार माणसं जमवली.

आबासाहेब पाटील बोलायचे तहसिलातल्यासारखं. "काय तकरार हाय, व्यंकटराव?"

"तकरार न्हाई. पुढं होऊ नाई म्हणून आधीच खुलासा. वारपडीचा हक माजा हाय का न्हाई?"

"तुमच्या रानात पडंल तो तुमचा. बायनाबाई, मंजूर?"

बायनाबाई पाराखाली उभी होती. "रीतच हाय तर मंजूर. आंबा पडला तर आंबा त्यांचा."

"आंबा न्हाई नुसता," व्यंकटराव पुढं सरकले. "असं ठरवा, वारं जे काई आणंल, आंबा असू, फांदी असू, पाला असू, काडी असू, ते ज्याच्या रानात ठरंल त्याचं. काडी सुदिक मागायची न्हाई."

"काडी सुदिक?" बायनाबाईनं विचारलं.

"काडी सुदिक!"

"दोगांना बी लागू का हे?"

"रीत म्हनल्यावर सगळ्यास्नी लागू." व्यंकटरावांनी छातीवर हात मारला. "न्हाईतरी माज्या रानात उडण्यासारखं काय हाय? नांगरट ढेकळं."

आबासाहेबांनी मान डोलावली. "जबान झाली. गवाह सगळे."

गावाला वावधानांचा इतिहास तोंडपाठ होता आणि तो निघाला की जेवणवेळ टळायची. पटकीच्या साली आलेलं ते मुकं वावधान. थेंब नाही, कडाका नाही, नुसतं येऊन देवळाची घंटा वाजवून गेलं. नवरदेवाचं वावधान म्हणजे ज्यात मांडव उडाला आणि नवरदेव मांडवाच्या खांबाला धरून लटकत राहिला. आणि टिनाचं वावधान. कुठल्याशा कापसाच्या जिनाचं टिनाचं छप्पर पतंगासारखं उडत येऊन व्यंकटरावांच्या वडलांच्या रानात पडलं होतं. वडलांनी त्याचा गोठा केला. जिनाचा माणूस टिन मागायला आला, तर ते म्हणाले, वाऱ्याला विचार.

सटवाजी गुरव पारावर विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "व्यंकटराव, सगळी वावधानं मावळतीकडनं येत्यात म्हनताव?"

"सगळी."

"मंग ते टिन कुणीकडनं आलतं?"

"उगवतीकडनं."

"मंग?"

व्यंकटरावांनी डोक्याचं मुंडासं नीट केलं. "ते टिन व्हतं," ते म्हणाले. "टिनाचं वेगळं, वाऱ्याचं वेगळं."

सटवाजीला हसता हसता ठसका लागला. पण व्यंकटराव तोवर घरी निघाले होते. डोक्यात नवीन काळजी शिरली होती. वरून पडलेला आंबा नांगरटीच्या ढेकळावर आपटला तर फुटणार. फुटका आंबा गिरदावराला कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी जुंपली आणि गंजीवरचा कडबा उपसायला काढला. बैलांच्या उन्हाळ्याची सगळी बेगमी त्या गंजीत होती. पेंढ्या नेल्या, सोडल्या, झाडाखाली आपल्या अंगाला पसरल्या. उभं राहून बघितलं, पातळ वाटलं. पुन्हा गाडी भरली. दुपारपर्यंत झाडाखाली गुडघाभर गादी झाली आणि गंजीच्या जागी मोकळं आभाळ दिसायला लागलं. घामानं त्यांचं अंग भिजलेलं, कडब्याचं कुसळ मानेत शिरून खाजायलेलं. एका हातानं खाजवत, एका हातानं पसरत ते काम करत होते.

वच्छलाबाई भाकरी घेऊन आल्या. नवऱ्याकडं बघितलं, कडब्याकडं बघितलं.

"आवो, बैल बसवायचेत का हितं?"

"आंब्यासाठी हाय. लागू नाई म्हणून."

"माज्या बाळंतपणात बाजंवर फाटकी वाकळ व्हती. आन् लोकाच्या आंब्याला गादी!"

"लोकाचा काहून? पडला की आपला."

"पडला की." त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. "आन् बैलानं काय खायचं? आंबे?"

"आंबं पडले की कडबा पुन्हा गोळा करायचा. जातोय कुठं तो?"

व्यंकटराव तिथंच मुक्कामाला राहिले. घोंगडी आणली, उशाला वच्छलाबाईची नवी गोधडी आणली, पाण्याचं मडकं आणलं. बांधाच्या अलीकडं ते वाऱ्याची वाट बघत, पलीकडं बायनाबाई पाडाची. दोघांचे डोळे एकाच झाडावर. मधे कधी बोलणंही व्हायचं.

"भावजी, च्या घ्यायचा का? गुळाचा हाय."

"आणा की. वारं पडलंय आज."

"पडू द्या. देवाचं भलं हाय."

"येईल, येईल. उकडाय लागलंय लय."

आणि उकडत होतंच. काळी जमीन तव्यासारखी तापलेली. भेगांतून वाफ निघाल्यासारखं आभाळ लवलवायचं. दुपारी पाखरं चोच उघडून सावलीला बसायची. एक दिवस तसाच गेला, पान हललं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर उगवतीला, दूर, एक ढग उभा राहिला. पांढरा, कापसाच्या बोंडासारखा. बघता बघता तो वर चढला, पोटाला काळा पडला, डोक्याला पसरून ऐरणीसारखा सपाट झाला.

आणि मावळतीकडून वारा सुटला.

व्यंकटराव ताडकन उठले. "बगा! बगा! म्हनलं व्हतं का न्हाई? मावळतीचं!"

वारा खरंच मावळतीचा होता, आणि तो त्या ढगाकडंच चालला होता. एवढा मोठा ढग वर चढायचा म्हणजे त्याला खालून वारं लागतं. तो चहूबाजूंनी ओढून घेतो, भात्यात हवा भरावी तसा. मग आत गार पडून त्याचं ओझं त्यालाच पेलत नाही, तो खाली कोसळतो आणि ओढलेलं सगळं दामदुपटीनं उलट्या तोंडानं फेकतो. हे करंजवाडीतल्या प्रत्येकानं जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हिशेबात मात्र कुणी धरलेलं नव्हतं.

एक आंबा कडब्यावर पडला. धप्प. फुटला नाही.

"पड रं माज्या राजा!" व्यंकटराव ओरडले. दुसरा पडला, तिसरा पडला. ते दोन्ही हात वर करून वाऱ्याला आणखी जोर लावायला सांगत होते. कडब्यात लोळून आंबे गोळा करत होते, धोतराचा ओचा भरत होते.

बांधापलीकडं मुंजाजी झाडावर चढून मुख्य फांदीला मिठी मारून बसला होता. बायनाबाई खाली टेकूला खांदा देऊन उभी. केशरनं चऱ्हाट कमरेला गुंडाळून पाय रोवले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात रिकामा नसल्यानं ते तसंच गालावर वाहत होतं.

"माय, सगळे चाल्ले गं तिकडं!"

"तू धर! अजून झाड भरलेलं हाय. धर!"

मग वारा थांबला. एकदम. जणू कुणी दार लावलं. पानं जिथल्या तिथं लोंबायला लागली. व्यंकटराव ओच्यातले आंबे धरून उभे, तोंड उघडं.

"काय झालं?" ते म्हणाले.

मुंजाजी वर होता, त्याला आधी दिसलं. "माय!" तो ओरडला. "उगवतीकडनं भिंत यायलीय!"

धुळीची भिंत होती ती, तांबूस, आभाळाएवढी. तिच्या आधी गार हवेचा एक झोत आला, मडक्यातल्या पाण्यासारखा गार, आणि मागोमाग वावधान. व्यंकटरावांनी पाठ फिरवली तोवर त्यांच्या पायाखालची गादी उठली. एकेक पेंढी नव्हे, सगळा कडबा एकदम, जसं वाळवण आवरायला बाईनं लुगड्याची चारी टोकं धरून उचलावं. तो बांधावरून पलीकडं गेला. त्यामागून घोंगडी गेली. गोधडी गेली, पंख फडफडत. डोक्याचं मुंडासं सुटलं, त्याचा एक पदर व्यंकटरावांच्या हातात राहिला होता, तोही गेला. ओचा सुटून आंबेही घरंगळत निघाले. व्यंकटराव मागं धावले, बांधाला अडखळले आणि पलीकडं तोंडावर पडले, म्हणजे तसे तेही बायनाबाईच्या रानातच ठरले.

कडबा फार लांब गेला नाही. बायनाबाईच्या रानाला मावळतीच्या अंगानं बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. तिथं पहिल्या पेंढ्या अडकल्या, त्यांना दुसऱ्या अडकल्या, आणि कुंपणापासून थेट झाडापर्यंत कडब्याची जाड आंथरी पसरली. तेवढ्यात मुख्य फांदीशेजारची एक फांदी कडाडली. चऱ्हाटं ताणली, एक तुटलं. आणि आंबे सुटले. पाऊस पडावा तसे, शेंदरी पाठीचे, देठासकट, उगवतीच्या वाऱ्यानं मावळतीला फेकलेले. धप्प, धप्प, धप्प, कडब्यावर.

मागून टपोरे थेंब आले, थोडा वेळ मातीत खड्डे पाडून गेले आणि संपलं. ढग मावळतीकडं निघून गेला. ऊन पडलं.

मुंजाजी झाडावरून उतरला. बायनाबाईनं कडब्यातून एक आंबा उचलला, दाबला, हुंगला. मग दुसरा. देठाजवळ पिवळी झाक होती. तिसऱ्याला राघूची चोच लागलेली होती आणि तो मऊ होता.

"पाड!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मुंजा, पाड लागलाय रं! केशर, चाख, चाख हा!"

केशरनं तिथंच उभ्यानं चोखला. रस कोपरापर्यंत ओघळला. ती एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि आंबा खात होती, आणि तिन्हींत आंबा पुढं होता.

व्यंकटराव उठले. दाढीत माती, धोतर अर्धं सुटलेलं, डोकं उघडं. त्यांनी कुंपणाकडं बघितलं. "माजा कडबा," ते म्हणाले.

मुंजाजी कडब्यातले आंबे वेचत राहिला.

"बायनाबाई, माजा कडबा..."

"भावजी," बायनाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. उलट फारच गोड बोलली. "काडी सुदिक म्हनला व्हता तुमी."

संध्याकाळी पारावर पुन्हा माणसं जमली. ह्या खेपेला कुणाला बोलवावं लागलं नाही. आबासाहेब घसा खाकरून इन्साफ द्यायच्या पवित्र्यात बसले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. "व्यंकटराव, जबान तुमची. काडी तुमीच घातली त्यात."

"पाटील, पर बैल उपाशी मरतील माजे!"

"आन् वारं कुणीकडचं हो, व्यंकटराव?" सटवाजीनं विचारलं. "मावळतीचं का?"

गाव असं हसलं की देवळातली कबुतरं उडाली. वच्छलाबाई बायकांत बसल्या होत्या. त्या तर पदर तोंडात कोंबून खाली वाकलेल्या. "गादीवर गादी," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आपल्या घरची, लोकाच्या आंब्याला. मी म्हनलंच व्हतं, नीट उलट व्हईल."

बायनाबाई उठली. तिनं गोधडी घडी करून वच्छलाबाईच्या मांडीवर ठेवली. "बाईमाणसाचं आंथरूण म्या घेत न्हाई. मुंडासं बी धुऊन आणलंय, त्याला चिखल लागला व्हता. कडब्याचं मात्र जबानीपरमान."

"आन् माजे बैल?" व्यंकटरावांचा आवाज एवढासा झाला होता.

"बैल आणा की माज्या दावणीला. लग्न होईस्तोवर खाऊ द्या. कडबा बी ओळखीचाच हाय त्यांच्या." मग ती म्हणाली, "आन् एक मागणं हाय. केशरला मामा न्हाई. माजा भाऊ पटकीत गेला. अंतरपाटामागं उभं ऱ्हायला कुणी न्हाई. तुमी ऱ्हाताव का?"

व्यंकटरावांनी आबासाहेबांकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. वच्छलाबाई हसायच्या थांबल्या होत्या.

"मी... मी आंबे न्यायला बसलो व्हतो, बायनाबाई."

"म्हाईत हाय. मामा बी न्यायलाच येतो भाचीकडं उन्हाळ्यात. ऱ्हाताव का, दादा?"

मग त्यांनी धुतलेलं मुंडासं डोक्याला गुंडाळलं. ते गुंडाळायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

अढी घालायला व्यंकटराव स्वतः आले. कडबा त्यांचा, म्हणजे होता. कुठल्या पेंढ्या ऊबदार आणि कुठल्या कुजक्या हे त्यांना माहीत. एक थर कडब्याचा, एक थर आंब्याचा. रोज येऊन हात घालून ऊब बघायचे, मुंजाजीवर खेकसायचे, "दाबू नको रं! पोटातल्या लेकरावानी पिकतोय तो!"

वऱ्हाड आलं. त्याच्या बैलांनी कडबा खाल्ला. माणिकराव पंगतीला बसला, त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. ठेवला तेव्हा मिशीला शेंदरी कड आली होती. "अढी कुणी घातली ही?" त्यानं विचारलं.

"मामानं," बायनाबाई म्हणाली.

"मामा, पुढं या! हितं, माज्या पाटाला पाट लावा." आणि व्यंकटरावांना गिरदावरानं कधी दिला नसता एवढा मान एका ढेकर देणाऱ्या व्याह्यानं दिला. अंतरपाटामागं ते केशरच्या खांद्याला हात लावून उभे राहिले, ताठ, आणि अक्षता पडताना त्यांच्या नाकातून सूं सूं आवाज येत होता. वच्छलाबाईंनी कोपरानं ढोसलं, "आवो, पोरगी तिची हाय."

"गप," ते म्हणाले. "अर्धी आता माजी."

आता कुणाला काय पडलं, ते. झाडानं एक फांदी दिली. मुंजाजीनं दंडाची कातडी दिली. माणिकरावानं एक रात्र पोट धरून काढली, पण त्याला तो खर्च मानत नाहीत. बायनाबाईला काही पडलं नाही. व्यंकटरावांचा कडबा गेला, रीतीपरमाणं मामाचं लुगडं गेलं, लग्नानंतर पावसाळा लागेपर्यंत बैलांसाठी उसनवारीचा चारा आणावा लागला, आणि दर दिवाळीला ओवाळणी सुरू झाली ती निजामाचं राज्य जाऊनही थांबली नाही. सगळा खर्च एकट्या व्यंकटरावांचा. आणि वच्छलाबाई सांगतात, बायनाबाईच्या ताटात ओवाळणी टाकताना तेवढा एकच खर्च असा होता, जो त्यांनी घरी येऊन कधी बोलून दाखवला नाही.